मेसेंजरच्या गाड्या

साल १९७४. मँचेस्टरच्या दक्षिणेला सेल नावाचं उपनगर आहे, तिथल्या एका घरात तुम्ही उभे आहात. इतकी वर्षं चेशायरमध्ये असलेलं हे गाव याच एप्रिलात ग्रेटर मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड बरोमध्ये गेलंय. दारावरच्या पत्रांच्या फटीतून काहीतरी आत पडतं. पेपर! तुम्ही तो मागवलेला नाही आणि त्याचे पैसे न्यायलाही कुणी येणार नाही. वर नाव आहे ‘सेल अँड ऑल्ट्रिंगम मेसेंजर’.

चाळून बघा. जुन्या मोटारी, गालिचे, विकाऊ घरं. जाहिरातींच्या मधल्या जागेत कौन्सिलचा निर्णय, शाळेचा कार्यक्रम, कुठल्याशा चौकातल्या वाहतुकीची तक्रार. लंडनच्या मोठ्या दैनिकांना या चौकाचं नावही ठाऊक नसेल. पेपर काढणारा एडी शहा पूर्वी ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ मालिकेचा फ्लोअर मॅनेजर होता. त्याचा हिशेब सरळ आहे: पेपर घरोघर पोचतो म्हणून दुकानदार जाहिरात देतो, आणि त्या जाहिरातीवरच पेपर चालतो. वाचकाकडून एक पेनीही येत नाही. त्यामुळे जुळणी आणि छपाई जितकी स्वस्त, तितका पेपर तगून राहणार. पुढचं सगळं या एका गोष्टीतून घडणार आहे.

आता थेट १९८३च्या जुलैत, शेजारच्या स्टॉकपोर्टला या. ‘स्टॉकपोर्ट मेसेंजर’ही आता शहांच्या समूहात आहे. जुळणी खात्यातल्या माणसांचे हात बघा. यांच्या धंद्यात वर्षानुवर्षं उमेदवारी केल्याशिवाय जुळारी होता येत नसे. शिशाचे खिळे मागे पडून फोटो-जुळणी आली, तरी ब्रिटनभर नियम तोच राहिला: नॅशनल ग्राफिकल असोसिएशनचा, म्हणजे एनजीएचा सभासद असेल त्यानंच जुळणीच्या यंत्राला हात लावायचा. बातमीदारानं बातमी टाइप करायची आणि जुळाऱ्यानं तीच पुन्हा टाइप करायची. हे दुहेरी काम फार काळ टिकणार नव्हतं, हे मला मान्य आहे. पण या नियमाला नुसता हट्ट म्हणणंही मला पटत नाही. शतकभर भांडून मिळवलेला पगार आणि मान त्यामागे होता.

शहांनी बरी आणि वॉरिंग्टनला नवी यंत्रं बसवली आणि तिथे युनियनबाहेरची माणसं घेतली. स्टॉकपोर्टचे सहा जण संपावर गेले. शहांनी सहाही जणांना काढून टाकलं. देशभर ते ‘स्टॉकपोर्ट सिक्स’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

२९ नोव्हेंबर, मंगळवारची रात्र. कोट नीट बंद करा, वॉरिंग्टनला थंडी बोचरी आहे. विनविक की या औद्योगिक वसाहतीतल्या छापखान्याभोवती चार हजारांच्या आसपास माणसं जमली आहेत. जुळारी आहेत, शिवाय दूरदूरच्या गावांहून बस करून आलेले इतर धंद्यांतले कामगारही आहेत. शहा आत आहेत, यंत्रं चालू आहेत. पेपरच्या गाड्या बाहेर पडू द्यायच्या नाहीत, एवढंच या गर्दीला हवंय.

हे बेकायदा आहे, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. थॅचर सरकारच्या १९८० आणि १९८२च्या कायद्यांनी दुसऱ्याच्या कामाच्या जागी पिकेटिंग, म्हणजे दारात उभं राहून अडवणूक, करण्यावर बंधन घातलंय आणि युनियनची तिजोरी कोर्टाच्या टप्प्यात आणलीय. एनजीएला आधी ५० हजार पौंडांचा दंड झाला, मग एक लाखाचा, आणि युनियनची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूमही निघालाय. तरीही माणसं आली आहेत. मागे ढकलले जाताना एकमेकांच्या बाह्या घट्ट धरतायत.

मग हेल्मेट घातलेल्या पोलिसांची तुकडी पुढे येते. युनियनची ध्वनिक्षेपकाची गाडी उलटवली जाते आणि सूचना देणारा आवाज बंद पडतो. अंधारात पोलीस धावत गर्दीत घुसतात. तुमच्या शेजारचा माणूस पडतो. त्याला उठवा, इथे थांबू नका. ब्रिटनमधल्या कामगार लढ्यात असं दृश्य लोकांनी फारसं पाहिलेलं नव्हतं. तीनेक महिन्यांनी सुरू झालेल्या खाणकामगारांच्या संपात ते वारंवार दिसणार होतं.

पहाटे गाड्या बाहेर पडतात. आत आहेत उपनगराच्या बातम्या आणि गालिच्यांच्या जाहिराती. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. हा लढा आजूबाजूच्या घरांच्या पेपरवरून झाला, पण त्या घरांना काय वाचायला मिळावं हे दोन्ही बाजूंपैकी कुणीच विचारलं नाही.

९ डिसेंबरला आणखी ५ लाख २५ हजार पौंडांचा दंड झाला. एनजीएनं देशव्यापी संपाची हाक दिली, पण टीयूसी या कामगार संघटनांच्या महासंघाचे सरचिटणीस लेन मरे यांनी पाठिंबा नाकारला आणि संप बारगळला. जानेवारी १९८६मध्ये वृत्तपत्रांचे मालक रूपर्ट मरडॉक यांनी आपली दैनिकं रातोरात लंडनच्या वॉपिंगला हलवली आणि हजारो छपाई कामगारांचं काम गेलं. ४ मार्च १९८६ला शहांनी ‘टुडे’ हे रंगीत राष्ट्रीय दैनिक काढलं. त्याची जुळणी संगणकावर होत होती. वॉरिंग्टनच्या छापखान्यात सिद्ध झालेली पद्धत आता अख्ख्या देशाची झाली होती, आणि स्टॉकपोर्टच्या सहा जणांना त्यांची नोकरी परत मिळाली नाही.