एका हाताचे पिस्तूल

पिस्तूल हे मुळात एका हाताचे शस्त्र. बंदुकीला दोन हात लागतात आणि घोडेस्वाराचा एक हात तर लगामात गुंतलेला असतो. त्या उरलेल्या हाताच्या सोयीसाठी आखूड नळीचे हे हत्यार घडविले गेले. पिस्तुलाचा सांगाडा पोलादाचा असावा की पॉलिमरचा, म्हणजे कठीण प्लास्टिकचा, हा वाद आज शस्त्रे बाळगणाऱ्या खात्यांत आणि नेमबाजीच्या मैदानावरही ऐकू येतो. तो ऐकताना पिस्तुलाचा हा उगम ध्यानात ठेवलेला बरा.

या गोष्टीचा एक धागा बंगळूरशी जुळतो. एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेले हे शहर इंग्रजी अमदानीत मोठ्या लष्करी छावणीचे ठाणे झाले. 1896 च्या ऑक्टोबरात चौथ्या हुसार पलटणीतील एक तरुण अधिकारी तेथे निघाला होता. मुंबईच्या ससून गोदीत होडीतून पायऱ्यांवर उतरताना त्याने भिंतीतील लोखंडी कडी धरली, तोच होडी हेलकावली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हा अधिकारी म्हणजे विन्स्टन चर्चिल. बंगळूरच्या बंगल्यात राहून तो पोलो खेळला, पुष्कळ वाचन केले. परंतु तो खांदा त्याला जन्मभर दगा देत राहिला. तलवारीच्या वाराला खांद्याचा झोक लागतो, पिस्तुलाला तो लागत नाही. म्हणून 2 सप्टेंबर 1898 रोजी सुदानमधील ओमदुर्मानच्या लढाईत, एकविसाव्या लान्सर्सबरोबर चाल करून जाताना, त्याने तलवार म्यान करून माउझर पिस्तूल हाती घेतले. ते दहा गोळ्यांचे, पोलादी आणि किलोहून अधिक वजनाचे होते. धावत्या घोड्यावर, एका हाताने, त्याने ते चालविले व तो जिवंत परतला.

येथे वजनाचा हिशेब पाहू. 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 350 मीटर वेगाने सुटली, तर तितकाच संवेग पिस्तुलाला उलट दिशेने मिळतो. दारूचा वायू हिशेबाबाहेर ठेवला, तर एक किलोचे पिस्तूल सेकंदाला 2.8 मीटर वेगाने मागे येऊ पाहते. 700 ग्रॅमचे असेल, तर तोच वेग 4 मीटर होतो. धक्क्याची ऊर्जा सुमारे 43 टक्क्यांनी वाढते. दोन हातांच्या पकडीत हा फरक मुरून जातो. एकच हात असेल, तर नळी वर उसळते आणि दुसऱ्या गोळीचा नेम लागण्यास उशीर होतो. जड धातू एकट्या हाताला साह्य करतो, तो असा.

मग हलके पिस्तूल आले तरी का? याचे एक उत्तर हातांच्या बदललेल्या सवयीत आहे. 1950 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील सामन्यांत जॅक वीव्हर या शेरिफ खात्यातील अधिकाऱ्याने पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणण्याची पद्धत रूढ केली. जेफ कूपर यांनी तिचा प्रसार केला. घोडा केव्हाच मागे पडला होता. दुसरा हात मोकळा होता. 1970 मध्ये जर्मनीत हेकलर अँड कॉख या कारखान्याचे पॉलिमर सांगाड्याचे पिस्तूल निघाले. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने गास्टन ग्लॉक यांचे पिस्तूल स्वीकारले आणि पॉलिमरने जग जिंकले. त्याची नळी व वरची सरकपट्टी पोलादाचीच असते. प्लास्टिकचा असतो तो खालचा सांगाडा.

या नव्या पिस्तुलाचे गुण खोटे नाहीत. दिवसभर कमरेला वागविणाऱ्या शिपायाला प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतात. कोकणच्या पावसात पोलादाला तेलपाणी चुकले की गंज धरतो, पॉलिमरला धरत नाही. शिवाय ग्लॉकची नळी मुठीच्या अगदी लगत बसविलेली असल्याने उसळी काहीशी आवरते. मात्र कागदावरील तक्त्यात ‘वजन कमी’ हा नेहमी गुणच धरला जातो, तेथे विवेक हवा. जखमी साथीदाराला ओढताना, ढाल पेलताना, दार लोटताना किंवा स्वतःचा एक हात निकामी झाला असताना शिपाई पुन्हा त्या जुन्या घोडेस्वाराच्या जागी येतो. ज्याला हलके पिस्तूल द्यायचे, त्याच्याकडून दोन्ही हात स्वतंत्रपणे घोटून घेतले पाहिजेत. नाहीतर वाचविलेल्या वजनाची किंमत तो अवघड क्षणी मोजील.

एका हाताची शुद्ध परंपरा आज टिकली आहे ती ऑलिंपिक पद्धतीच्या नेमबाजीत. तेथे पिस्तूल एकाच हाताने धरावे, मनगटाला आधार नसावा, असा दंडक आहे. 25 मीटरच्या पिस्तुलाला 1400 ग्रॅमपर्यंत वजन चालते. नेमबाज धातूचा सांगाडा आणि आपल्या तळव्याबरहुकूम कोरलेली मूठ पसंत करतात. बंगळूरच्या प्रकाश नंजप्पा यांनी 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत 10 मीटर एअर पिस्तुलाचे रौप्यपदक मिळविले, ते एकाच हाताने. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक पटकावले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मैदानावरील नेमबाजाला पिस्तूल दिवसभर कमरेला वागवायचे नसते, म्हणून वजन त्याला सोयीचे. शिपायाला ते वागवायचे असते, म्हणून त्याला ते जाचक. पोलाद श्रेष्ठ की पॉलिमर, हा प्रश्न त्यामुळे एकट्याने सुटणारा नाही. ते कोणाच्या हाती जाणार आणि त्या वेळी त्याचा दुसरा हात कशात गुंतलेला असणार, हे आधी विचारावे लागते.