बॅगेची ओळख जपा! घरच्या घरी बनवा नामपट्टी

प्रतिनिधी

सुटीचा हंगाम सुरू झाला की विमानतळावर सामानाच्या फिरत्या पट्ट्याभोवती एकच गर्दी होते. एकामागून एक सारख्याच आकाराच्या काळ्या-निळ्या बॅगा समोरून सरकू लागतात आणि त्यातली आपली कोणती, असा प्रश्न पडतो. घाईगर्दीत दुसऱ्याचीच बॅग उचलून घरी नेल्याचे प्रकारही घडतात. परगावी लग्नाला निघालेल्याचे कपडे किंवा आजारी माणसाची औषधे अशा वेळी भलत्याच घरी पोहोचतात. हा मनस्ताप टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे बॅगेवरची नामपट्टी. दुकानातील चामड्याच्या नामपट्टीवर पैसे खर्च करण्याची गरज नाही. घरातील टाकाऊ वस्तूंतून अर्ध्या तासात ती तयार होते.

विमान कंपनीचा टॅग असताना आपला कशाला?

सामान सोपविताना विमान कंपनी बॅगेला कागदी टॅग लावते. त्यावरील दहा आकडी क्रमांकात पहिल्या अंकानंतरचे तीन अंक कंपनीचे, तर शेवटचे सहा त्या बॅगेचे असतात. बारकोड वाचून यंत्रे बॅगेला वाट दाखवितात. मात्र हाताळणीत हा कागद फाटून पडला, तर बॅग अनोळखी ठरते. अशा वेळी कर्मचारी प्रथम बॅगेच्या बाहेर नाव शोधतात आणि ते न सापडल्यास आत. म्हणजेच आपली नामपट्टी ही शोभेची वस्तू नसून बॅगेचा परतीचा पत्ता आहे.

साहित्य

जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद किंवा कार्डशीट, काळे बॉलपेन, कात्री, पंच आणि बुटाची जुनी पण मजबूत नाडी. लॅमिनेशन जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात अल्प खर्चात होते. एकाच मोठ्या पाऊचमध्ये घरातील सर्वांच्या नामपट्ट्या बसविल्यास खर्च आणखी कमी होतो.

कृती

१. एटीएम कार्डाहून किंचित लहान, म्हणजे साधारण ८० मिलिमीटर लांब व ४५ मिलिमीटर रुंद तुकडा कापावा. लग्नपत्रिकेवर खडे, जरी किंवा चकाकी असल्यास तो भाग वगळावा. लॅमिनेशनच्या यंत्रात तो अडकू शकतो.

२. एका बाजूला मजकूर लिहावा. इंकजेट प्रिंटरची शाई पाण्याने पसरते, त्यामुळे बॉलपेन किंवा लेझर प्रिंट उत्तम. दुसऱ्या बाजूला मुलांकडून चित्र काढून घ्यावे किंवा ठळक रंगाचा कागद चिकटवावा. लांबूनही बॅग ओळखता येते.

३. लॅमिनेशननंतर कापताना तीन बाजूंना किमान ३ मिलिमीटर आणि चौथ्या, अरुंद बाजूला १५ मिलिमीटर मोकळे प्लास्टिक राखावे. भोक या मोकळ्या प्लास्टिकमध्येच पाडावे. बहुतेकांची चूक येथे होते. भोक कागदातून पाडले, तर त्यातून पाणी शिरून कागद भिजतो आणि नामपट्टी तेथेच फाटते.

४. कोपरे गोलाकार कापून नाडी ओवावी व पक्की गाठ मारावी. चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्याकडून भोकाला आयलेट ठोकून घेतल्यास पकड अधिक टिकते.

लॅमिनेशन नको असल्यास ओळखपत्राचे पारदर्शक प्लास्टिकचे कव्हर वापरावे. त्यात मजकुरामागे खण किंवा इरकलीचा तुकडा ठेवल्यास नामपट्टी देखणी दिसते.

काय लिहावे, काय टाळावे

नाव, मोबाइल क्रमांक आणि ई-मेल एवढे पुरेसे आहे. परदेशी जाताना मजकूर रोमन लिपीत आणि क्रमांकाआधी +९१ असावे. परदेशात आपला मोबाइल बंद राहणार असेल, तर घरी असलेल्या नातलगाचा क्रमांकही द्यावा. घराचा संपूर्ण पत्ता दर्शनी भागावर लिहू नये. घर सध्या बंद आहे, हे त्यातून अनोळखी माणसालाही कळते. पत्ता व प्रवासाचा तपशील दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून ती बॅगेच्या आत, कपड्यांच्या वर ठेवावी.

कोठे बांधावी?

नामपट्टी बॅगेच्या पक्क्या कडीला, आखूड नाडीने बांधावी. लांब रिबिनी व लोंबते गोंडे सरकत्या पट्ट्यात अडकू शकतात. मागील प्रवासाचे जुने टॅग व बारकोडचे चिकट तुकडे आठवणीने काढावेत. त्यांच्यामुळे यंत्राची दिशाभूल होऊन बॅग भलत्याच गावी जाऊ शकते.

सामान हरवल्यास

बॅग न मिळाल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच विमान कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवावी आणि टॅगची पावती जपून ठेवावी. १९९९ च्या माँट्रियल करारात भारत २००९ मध्ये सामील झाला. त्यानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग २१ दिवसांत न मिळाल्यास प्रवासी भरपाई मागू शकतो. मोडतोडीची लेखी तक्रार बॅग हाती आल्यापासून सात दिवसांत करावी लागते. रेल्वेत सामान विसरल्यास १३९ या क्रमांकावर कळवावे. रेल्वे सुरक्षा दल सापडलेले सामान मालकाला परत करते आणि तेव्हा बॅगेवरचे नावच कामी येते.

बॅग भरायला घेण्याच्या आदल्या दिवशीच नामपट्टी तयार ठेवा. निघण्यापूर्वी बॅगेचे एक छायाचित्र मोबाइलमध्ये काढून ठेवा. तक्रार करताना बॅगेचे वर्णन आठवत बसावे लागणार नाही.