हवेतल्या धुळीची नोंद संगणकात कशी ठेवतात?

घरातल्या हवा-मापक यंत्राच्या पडद्यावरचा आकडा त्या क्षणाचा असतो. फोडणी पडली की तो उसळतो, खिडकी उघडली की उतरतो. भारतीय मानक मात्र २४ तासांच्या सरासरीवर बेतलेले आहे. पीएम २.५ साठी, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठी, ते घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ ठेवली. त्यामुळे पडद्याचा फोटो काढून 'आमच्याकडे १८०!' अशी पोस्ट टाकल्याने फारसे काही कळत नाही. त्यासाठी सलग नोंद लागते, आणि ती ठेवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे सीरियल जोडणी.

या जोडणीत माहितीचे बिट एकाच तारेवरून एकामागोमाग एक जातात. हौशी मंडळींत लोकप्रिय असलेला 'एसडीएस ०११' हा सेन्सर असाच बोलतो. आतला छोटा पंखा हवा ओढतो, तिच्यावर लेसर पडतो आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून धुळीचे प्रमाण काढले जाते. सोबत मिळणाऱ्या यूएसबी अडॅप्टरने तो लॅपटॉपला लावला की विंडोजमध्ये नवे 'कॉम पोर्ट' दिसते. वेग ९६०० बॉड ठेवावा लागतो. तो चुकला तर हाती नुसता कचरा येतो.

सेन्सर दर सेकंदाला १० बाइटचा एक संदेश पाठवतो. पहिला बाइट नेहमी १७० आणि शेवटचा १७१. तिसरा आणि चौथा बाइट पीएम २.५ चे. समजा ते ५८ आणि २ आले, तर २ गुणिले २५६ अधिक ५८ म्हणजे ५७०. त्याला १० ने भागले की ५७ मायक्रोग्रॅम. पुढचे दोन बाइट पीएम १० चे, त्यापुढचे दोन सेन्सरच्या ओळखक्रमांकाचे. नववा बाइट पडताळणीचा: तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतच्या बाइटांची बेरीज करून २५६ ने भागल्यावर उरणारी बाकी त्याच्याशी जुळली नाही, तर तो संदेश सरळ फेकून द्यायचा.

सेन्सरला घड्याळ नसते. म्हणून प्रत्येक ओळीत तारीख-वेळ संगणकानेच घालायची. पायथनमधल्या 'पायसीरियल'ने हे काम पंधरा-वीस ओळींत होते. नोंद प्रत्येक वेळी लगेच फाइलमध्ये उतरवावी, नाहीतर वीज गेली की शेवटचा भाग गेलाच. वेळ नसलेली नोंद जवळपास निरुपयोगी, कारण धूळ कचरा जाळण्याच्या वेळी वाढते की रात्री ट्रक सुरू झाल्यावर, हेच तर शोधायचे असते.

सलग चालवले तर दिवसाला ८६,४०० ओळी होतात, आणि लेसरही झिजतो. उत्पादकाने सांगितलेले ८,००० तासांचे आयुष्य अकरा महिन्यांत संपते. दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट मोजून झोपी जाण्याची आज्ञा त्याच तारेवरून देता येते.

खरी अडचण दमटपणाची. हा सेन्सर ७० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेसाठी बनवला आहे. त्यापुढे पाणी शोषून फुगलेले कण आणि धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून शेजारच्या रकान्यात आर्द्रता नोंदवावी आणि आकडे जवळच्या सरकारी केंद्राशी ताडून पाहावेत.