गगनबावड्याचा पाऊस आणि अनाथ मुलांचे कपडे

अनाथ मुलांना कपडे द्यायचे म्हटले की आपल्याला दिवाळी आठवते. गगनबावड्यासारख्या गावाचा इतिहास पाहिला, तर ही वेळ चुकलेली आहे असे माझे स्पष्ट मत आहे. करूळ आणि भुईबावडा हे घाट चढून जिथे वर येतात, त्या पंत अमात्यांच्या जुन्या जहागिरीत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. अशा मुलखात अंगावरचे वस्त्र ही हौस नव्हती. बांबूच्या कामट्यांत पाने बसवून केलेले इरले भातलावणीला डोक्यावर असे आणि घोंगडीची खोळ करून पांघरली जाई. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. सुती गोधडी एकदा ओली झाली की दिवसचे दिवस वाळत नाही. साधारण पाडव्याला ठरणाऱ्या सालगड्याच्या बोलीतही धान्य आणि रोकड यांच्यासोबत घोंगडी, वहाणा येत. पावसाळ्याचे पांघरूण हा त्याच्या मेहनतान्याचाच भाग होता. अनाथ मुलाच्या वतीने अशी बोली करणारे मात्र कोणी नव्हते.

ते काम पुढे संस्थांनी केले, तेही टप्प्याटप्प्याने. पंढरपुरात १८७५ साली प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने बालकाश्रम उभा राहिला. १८७७च्या दुष्काळात जोतीराव फुल्यांनी धनकवडीला मुलांसाठी छावणी काढली, तेव्हा पहिला प्रश्न भाकरीचा होता आणि तो तसाच असणार. पण मूल वर्षानुवर्षे संस्थेत राहू लागले की भाकरीनंतर सदरा येतो, अंथरूण येते, पाटी येते. १९०१पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात एकेक वसतिगृह काढायला पाठबळ दिले, त्याने दूरच्या खेड्यातल्या मुलाला शहरात छप्पर मिळाले. त्याच जिल्ह्यात, कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि पुढे घरोघरच्या मूठभर धान्यावर मुले जगवली. या मुठीचे मोल धान्याच्या वजनात मोजू नये. ती नेमाने येत होती, म्हणून चूल पेटत होती. सणाला एकदाच पोत्याने आलेले धान्य ते काम करू शकले नसते. २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली पुढच्या वर्षी आलेले आदर्श नियम हेच सरकारी भाषेत सांगतात: मुलांचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण ठरलेल्या प्रमाणात आणि तिथल्या हवामानाला धरून असावे.

यावर कोणी म्हणेल, सरकार अनुदान देते, मग लोकांनी कशाला खरेदी करायची? अनुदान माणशी ठरलेले असते आणि पाऊस माणशी ठरत नाही. घाटमाथ्यावर गणवेशाचे दोन जोडही पुरत नाहीत, कारण सोमवारी भिजलेला जोड बुधवारीही दमट असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: देणाऱ्याने मनापासून दिले, त्यात हिशेब कसला? भावना खरी असते हे मान्य. पण दिवाळीत एकाच मापाचे वीस झगमगीत ड्रेस आले, तर ते चार मुलींना बसतात आणि बाकीचे कपाटात राहतात. मायेने दिलेली वस्तू अंगाला लागावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. शिवाय आई-वडील नसलेली बरीच मुले संस्थेत नसतात, आजीकडे किंवा मामाकडे वाढतात. सरकारची बालसंगोपन योजना अशा मुलांसाठीही आहे. त्यांच्या दारापर्यंत दिवाळीची गाडी सहसा जात नाही. त्यांची गरज शाळेतल्या गुरुजींना ठाऊक असते.

म्हणून स्वयंसेवकांनी मे महिन्यात संस्थेच्या अधीक्षकांकडून किंवा शाळेकडून मापांसह यादी घ्यावी आणि शाळा उघडण्याआधी सामान पोचवावे: मुलाच्या मापाचा रेनकोट, पावसाळी चपला, गणवेशाचा तिसरा जोड, लोकरी पांघरूण, दप्तरावर घालायचे प्लास्टिकचे आवरण. आणि यादीत लिहायला संकोच वाटतो म्हणून जे नेहमी राहून जाते, ते आवर्जून विचारावे: आतले कपडे आणि मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड.