डॅल्कोव्स्की, स्टीव्ह
(३ जून १९३९ – १९ एप्रिल २०२०). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू, डावखुरा पिचर. जन्म न्यू ब्रिटन (कनेक्टिकट) येथे. १९५७ मध्ये बॉल्टिमोर ओरिओल्सने त्यास करारबद्ध केले. त्याच्या वेगाविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत. त्यांपेक्षा आकडे अधिक बोलके ठरतात. १९६० मध्ये स्टॉक्टन संघाकडून १७० डावांत त्याने २६२ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले आणि स्वैर फेकीमुळे नेमक्या तितक्याच वेळा फलंदाजांना पहिला तळ बहाल केला. १९६२ मध्ये एल्मायरा येथे अर्ल वीव्हर या व्यवस्थापकाच्या हाताखाली त्याच्या फेकीत प्रथमच नियंत्रण आले. परंतु १९६३ च्या वसंतकालीन सराव सामन्यात त्याचे कोपर दुखावले. परिणामी मेजर लीगमध्ये तो एकदाही खेळू शकला नाही. १९६५ नंतर मद्यासक्ती व कॅलिफोर्नियात शेतमजुरी.