झगा, चौकोनी टोपी आणि समावर्तनाचे स्नान

आपल्या मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात यापुढे पदवीधर मुलामुलींस काळा झगा व चौकोनी टोपी घालून व्यासपीठावर आणावे, अशी सूचना काही तरुण सभासदांनी केली आहे. तिच्यावर कार्यकारिणीच्या बैठकीत बराच खल झाला. एक पक्ष म्हणाला, विद्येचा हा जगन्मान्य पोशाख असून त्यावाचून समारंभास शोभा नाही. दुसरा म्हणाला, हा परक्यांचा वेष आहे. शाल-श्रीफळाची आपली रीत सोडून त्याच्या नादी लागणे नको. दोन्ही पक्षांनी इतिहासाचा हवाला दिला, पण तो इतिहास काय हे कोणीच सांगितले नाही. ते काम संपादक महाशयांनी माझ्यावर टाकले; म्हणून हा प्रपंच.

झग्याचा जन्म युरोपातील मठांच्या सावलीत झाला. बाराव्या-तेराव्या शतकांत पॅरिस, ऑक्सफर्ड, केंब्रिज इत्यादी ठिकाणी विद्यापीठे उभी राहिली, तेव्हा तेथील बहुतेक विद्यार्थी व अध्यापक धर्मसेवकांच्या वर्गातच गणले जात. साहजिकच त्यांचा वेष धर्मसेवकांचाच होता : पायघोळ, बंदिस्त, साधा. इ. स. १२२२ मध्ये ऑक्सफर्ड येथे भरलेल्या धर्मपरिषदेत आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी धर्मसेवकांस असा बंद झगा घालण्याची आज्ञा केली. बाहेरच्या जगात कपड्यांच्या तऱ्हा बदलत गेल्या; विद्यापीठांनी मात्र जुनेच वस्त्र धरून ठेवले. त्यात थंडीचाही वाटा होता. दगडी, ओलसर दालनांत तासन्‌तास बसून ग्रंथ ऐकणाऱ्या माणसास जाड झगा हा अलंकार नव्हता, गरज होती.

आज पदवीधराच्या पाठीवर जो रंगीत रेशमी पट्टा लोंबतो, तो मुळात डोके झाकण्याची कुंची होती. पुढे डोक्यावर टोप्या आल्या, कुंची मागे सरकली आणि तिचे नुसते भूषण उरले. तिच्या अस्तराच्या रंगावरून कोण कोणत्या विषयाचा व कोणत्या दर्जाचा हे ओळखावयाचे. चौकोनी टोपीही धर्मगुरूंच्या मऊ चौकोनी टोपीपासूनच निघाली. तिचा माथा हळूहळू सपाट व ताठ होत गेला, इतका की इंग्रज लोकांनी थट्टेने तिला गवंड्याच्या हातातील चुन्याच्या फळीचे नाव दिले, आणि तेच रूढ झाले.

अमेरिकेत तर प्रत्येक महाविद्यालयाचा वेष निराळा होऊ लागला, म्हणून १८९५ मध्ये तेथील विद्यापीठांनी एक सर्वमान्य संहिता केली. झग्याची बाही कोणाची कशी, पट्टा किती लांब, कोणत्या विषयास कोणता रंग, सारे ठरविले. समारंभानंतर टोप्या आकाशात उडविण्याची चाल मात्र विद्वानांची नव्हे. अमेरिकेच्या नौदल अकादमीतील छात्रांना १९१२ मध्ये पदवीबरोबरच अधिकारीपद मिळाले; छात्रांच्या टोप्यांची गरज उरली नाही, तेव्हा त्यांनी त्या हवेत फेकून दिल्या. आज ती चाल शाळकरी मुलेही पाळतात. अगदी बालवर्गातील चार-पाच वर्षांच्या अर्भकांना झगे चढवून ‘पदवीदान’ करणाऱ्या शाळा पाहिल्या म्हणजे हसावे की रडावे हे कळेनासे होते. पण तो विषय येथे नको.

आपल्याकडे हा झगा आला तो १८५७ च्या कायद्यांनी. कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन विद्यापीठांची स्थापना त्या वर्षी झाली. त्यांचा नमुना होता १८३६ मध्ये स्थापन झालेले लंडन विद्यापीठ. म्हणजे शिकविणारे नव्हे, परीक्षा घेऊन पदव्या देणारे. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ मध्ये झाले, ते अवघे चार : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे यांतील एक न्यायमूर्ती झाला, एक प्राच्यविद्येचा जगन्मान्य पंडित. त्या दिवशी मात्र ते विशीच्या आसपासचे तरुण होते. विद्यापीठास तेव्हा स्वतःचे सभागृहही नव्हते. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून, सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावरून ते उभे राहिले आणि १८७४ मध्ये पूर्ण झाले. आपल्यापैकी ज्यांनी त्या रंगीत काचांच्या भव्य गवाक्षाखाली उभे राहून पदवी घेतली असेल, त्यांना निराळे सांगावयास नको.

त्या काळच्या सामुदायिक छायाचित्रांत एक गंमत आढळते. अंगावर विलायती झगा, पण डोक्यावर पगडी, फेटा किंवा पारशी पद्धतीची टोपी! खांद्याखाली विद्यापीठ आणि खांद्यावर घराणे, अशी ती तडजोड होती. डोक्यावरची पगडी पाहून माणसाची जात व पेठ ओळखण्याचे ते दिवस. झग्याने जात झाकली नाही, हे त्यावरून उघड आहे.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र आपल्या विद्यापीठांनी ऑक्सफर्ड व केंब्रिज यांस मागे टाकले. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये आपल्या पदव्या स्त्रियांस खुल्या केल्या. त्याच वर्षी कलकत्त्यास चंद्रमुखी बसू व कादंबिनी गांगुली यांनी बी. ए. ची पदवी घेतली. ऑक्सफर्डने स्त्रियांस पदवी देण्यास १९२० साल उजाडावे लागले, आणि केंब्रिजने तर १९४८ पर्यंत वाट पाहावयास लावली. नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या, पण विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारण्यात आली. हितचिंतकांनी पैसा उभा केला, त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये कायद्याच्या परीक्षेस बसल्या. आणि त्या परीक्षेची पदवी त्यांना मिळाली ती १९२२ मध्ये, तीस वर्षांनी!

आनंदीबाई जोशी यांची हकीकत प्रत्येक मराठी घरास ठाऊक आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. समुद्र ओलांडणाऱ्यास वाळीत टाकणारे, प्रायश्चित्ताचे पाट मांडणारे लोक त्या वेळी येथे घरोघर होते. त्यांच्यात ज्ञातीच्या पंचायतीही होत्या. आपल्या मंडळाचे पूर्वज त्यांहून फार निराळे असतील असे मानण्यास मजजवळ आधार नाही.

आता आपल्या प्राचीन रीतीकडे वळू. ‘स्नातक’ हा शब्दच सांगतो की, आपल्याकडे विद्येची समाप्ती वस्त्राने नव्हे, स्नानाने होत असे. हल्ली पदवीदानास ‘दीक्षान्त’ म्हणतात. अमरकोशात हा शब्द यज्ञाच्या शेवटी होणाऱ्या अवभृथाच्या, म्हणजे पुन्हा स्नानाच्याच अर्थी आला आहे. गुरुगृही बारा-बारा वर्षे मेखला, अजिन व दंड धारण करून राहिलेला ब्रह्मचारी समावर्तनाच्या दिवशी ती सर्व चिन्हे उतरवी, स्नान करी आणि गृहस्थाची वस्त्रे धारण करी. आश्वलायन गृह्यसूत्रात या प्रसंगीच्या वस्तूंची यादी आहे : मणी, कुंडले, वस्त्रांची जोडी, छत्र, जोडा, काठी, माळ, उटणे, अंजन, पागोटे. या वस्तू स्वतःसाठी व गुरूसाठी अशा दोन्ही आणाव्यात, आणि दोहोंपुरत्या न मिळाल्या तर गुरूसाठीच आणाव्यात, असे सूत्रकार सांगतो. ही शेवटची अट मला फार आवडते.

दोन रीतींतील भेद येथे स्पष्ट होतो. युरोपातील पदवीधर विद्यार्थिदशेचा वेष अधिक थाटाने अंगावर चढवितो. आपला स्नातक तो उतरवून ठेवतो.

इतके वाचून शाल-श्रीफळाचा पक्ष आनंदित होईल. पण मला त्यांना एक गोष्ट विचारावीशी वाटते. समावर्तन कोणाचे होत असे? ज्याचे उपनयन झाले त्याचे. पुढील काळात स्त्रियांस तो अधिकार उरला नाही, बहुसंख्य जातींस तर तो नव्हताच. आपल्या ज्ञातीतील किती जणांच्या पणजोबांनी गुरुगृहीचे ते स्नान केले, हे प्रत्येकाने आपापल्या घरातील वृद्धांस विचारावे. उलट हा परका झगा, मठातून आलेला, इंग्रजांनी आणलेला, कोणाच्या खांद्यावर पडेल हे परीक्षेच्या निकालावर ठरत होते. भीमराव आंबेडकर १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाले. शाळेत ज्यांना पाण्याच्या भांड्यास हात लावू दिला नव्हता, त्यांना कोलंबिया विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी सन्माननीय एल्‌एल. डी. पदवी दिली. झग्यातील त्यांचे चित्र आज किती घरांच्या भिंतींवर आहे! त्या घरांना ‘हा पोशाख परका आहे’ असे सांगण्याचा अधिकार कोणास पोहोचतो?

म्हणून झगा सोडण्याचे प्रयत्न मला तपासून घ्यावेसे वाटतात. काही खरोखर सुंदर आहेत. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, तेव्हा पदवीचे नावच ‘गृहीतागमा’ असे ठेवले. शांतिनिकेतनात पदवीधरास सप्तपर्णीची पाने देतात. तेथेच ७ ऑगस्ट १९४० रोजी ऑक्सफर्डने रवींद्रनाथांस डॉक्टरेट अर्पण केली. मानपत्र लॅटिनमध्ये झाले आणि कवींनी उत्तर संस्कृतमध्ये दिले. उलट २०१० च्या एप्रिलमध्ये एका केंद्रीय मंत्र्यांनी भोपाळच्या समारंभात झगा अंगावरून काढून टाकला व तो वसाहतकालीन रानटी अवशेष असल्याचे म्हटले, तेव्हा वर्तमानपत्रांस चार दिवस खाद्य मिळाले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान मंडळाने हातमागाच्या वस्त्रांचा पुरस्कार केला, आणि २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय संस्थांस स्थानिक परंपरेवर आधारलेला वेष योजण्यास कळविले. गंमत अशी की, ज्या ऑक्सफर्डचा हा वेष, तेथील विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये मतदान घेऊन परीक्षेस झगा घालून बसण्याची रीत मोठ्या बहुमताने कायम ठेवली. त्यांतील एक युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा होता : झग्याखाली श्रीमंताचा व गरिबाचा कपडा सारखाच झाकला जातो.

तो युक्तिवाद मला घरचा वाटला. मी पदवी परीक्षा उत्तीर्ण झालो तेव्हा समारंभास जाण्याचे गाडीभाडे व झग्याचे भाडे यांची तोंडमिळवणी होईना. पदवी अनुपस्थितीत घेतली, ती टपालाने आली. पण आमच्या वडिलांना छायाचित्र हवे होते. गावातील छायाचित्रकाराकडे एकच झगा होता, तोही पाठीमागे फाटलेला. पुढून नीट दिसावा म्हणून त्याने तो मागे टाचण्यांनी आवळला. हातातील गुंडाळी पदवीची नव्हती, दुकानातील जुन्या कॅलेंडरची होती. आत सदऱ्याला कोपरावर ठिगळ होते, ते झग्याने झाकले. ते चित्र वडिलांनी देवघराशेजारी लावले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखविले. टाचण्यांची गोष्ट त्यांना माहीत होती. ती त्यांनी कोणास सांगितली नाही.

सूचना येत्या वार्षिक सभेपुढे येणार आहे. माझी दुरुस्ती एवढीच की, झगे घेतले तर ते मंडळाच्या निधीतून घ्यावेत, कोणाही पालकाकडून त्यांचे भाडे घेऊ नये. आणि आश्वलायनाच्या यादीला मान देऊन, त्या दिवशी प्रत्येक पदवीधराच्या एका शिक्षकास बोलावून पहिली शाल त्यांना द्यावी. टाचण्या मारलेले ते छायाचित्र मी सभेस घेऊन येईन. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पाहावे.