उंचीवरचा माणूस आणि त्याचा पट्टा

मुंबई-गोवा महामार्गावरून येणाऱ्याला रत्नागिरी गाठायची, तर हातखंब्याच्या तिठ्यावर वळावे लागते. मागे एकदा तिथे एसटीची वाट पाहत उभा होतो. समोर एका दुमजली इमारतीला रंग देण्याचे काम चालले होते. परांचीवरच्या रंगाऱ्याच्या कमरेला पट्टा होता, पण दोराचा हूक त्याने स्वतःच्याच पट्ट्यात अडकवला होता. तो खाली उतरल्यावर मी विचारले. हसून म्हणाला, "काका, पट्टा लाव म्हणून सांगितलं, लावला. अडकवायचा कशात, ते कोणी सांगितलं नाही."

ते उत्तर माझ्या मनातून गेले नाही. कारण हातखंब्याच्या जवळच पानवल नदीवर कोकण रेल्वेचा पूल आहे. लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटर. म्हणजे वीस मजली इमारतीएवढी. १९९४ साली तो उभा राहिला. त्याचा माथा जमिनीवर थोडाथोडा ओतून, पूर्ण झालेला भाग जॅकच्या साहाय्याने खांबांवरून पुढे ढकलत नेला. भारतात ही पद्धत तेव्हा नवी होती. अभियंते तिचे कौतुक वेगळ्या कारणांनी करतात. मला तिच्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बरेचसे काम दरीवर लोंबकळत न करता काठावर, पायाखाली जमीन असताना झाले. माणूस पडू नये याचा पहिला उपाय पट्टा नव्हे. त्याला उंचीवर कमीत कमी चढवणे, हा पहिला उपाय. पण खांब तरी उंचच चढवावे लागतात, आणि तिथे माणसे लागतातच.

या माणसांचा विचार जगाने उशिरा केला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला. दहा लाख डॉलर खर्चामागे एक मजूर मरणारच, असा तेव्हा तिथला हिशेब असे. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने तो मानला नाही. त्याने पुलाखाली दोरांचे भलेमोठे जाळे बांधले. त्या जाळ्याने १९ जणांना झेलले. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी परांचीचा पाच टनी सांगाडा निसटून जाळ्यावर आदळला. जाळे फाटले आणि दहा जण गेले. जाळे वाईट नव्हते. ते माणसाच्या वजनासाठी होते, सांगाड्याच्या नव्हे. संरक्षणाचे साधन किती भार सोसेल, हे आधी ठाऊक हवे, हा त्यातला धडा.

पट्ट्याचेही तसेच. ८० किलोचा माणूस दोन मीटर पडला आणि दोराने त्याला दहा सेंटीमीटरमध्ये थांबवले, तर शरीराला बसणारा हिसका दीड हजार किलोंहून अधिक भाराएवढा होतो. तो सगळा कमरेवर आला तर दोर टिकेल, पण पोट आणि पाठीचा कणा टिकेल याची खात्री नाही. म्हणून छाती, खांदे आणि मांड्यांवर भार वाटणारा पूर्ण अंगाचा हार्नेस आला. त्याच्या दोराला हिसका बसताच उसवत जाणारी शिवण आली. ती उसवते, म्हणून माणूस हळू थांबतो. पडणाऱ्याला झेलण्यासाठी नुसता कमरपट्टा वापरण्यावर अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. त्याच महिन्यात, २६ जानेवारीला, कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या.

आपल्याकडे या साधनांसाठी भारतीय मानक ३५२१ आहे. त्याची तिसरी सुधारित आवृत्ती १९९९ साली निघाली. बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेचा स्वतंत्र केंद्रीय कायदा आला तो १९९६ साली, पानवलचा पूल उभा राहिल्यानंतर दोन वर्षांनी.

प्रयोगशाळेत हार्नेस माणसाच्या आकाराच्या जड पुतळ्याला घालून वरून सोडतात. पुतळा सुटता कामा नये. पण चाचणी झालेला नमुना आणि कामावरचा पट्टा एक नव्हेत. आमच्या कोकणात ऊन, खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. उन्हाने धागा कमजोर होतो, दमटपणाने हूक गंजतो. म्हणून रोज अंगात घालण्याआधी शिवण, पट्टी, हूक हाताने चाचपून पाहायचे. एकदा पडलेल्या माणसाला झेललेला पट्टा कितीही धड दिसला तरी बाद करायचा. आणि हूक अडकवायचा तो डोक्याच्या वर, माणसाचा हिसका सोसेल अशा पक्क्या जागी.

रत्नागिरीला कोकण रेल्वेचे श्रमशक्ती स्मारक आहे. रेल्वे उभारताना जीव गमावलेल्यांसाठी ते बांधले आहे. तिथे फुले वाहिली जातात, ते योग्यच. पण खरी आठवण हातखंब्याच्या त्या रंगाऱ्यापाशी ठेवायला हवी. त्याला पट्टा मिळाला होता. हूक कशात अडकवायचा हे सांगणारा माणूस मिळाला नव्हता. पट्ट्याला पैसे लागतात. हे सांगायला पाच मिनिटे लागतात.